गर्भात जीव केव्हा पडतो?

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला अडीच महिने झाले होते आणि आदल्या रात्री गर्भ पडून गेला होता. मी तपासले. सुनेच्या जिवाला काही धोका उरला नव्हता. ती खाली मान घालून बसली होती. सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारले,

"डॉक्टरीणबाई, त्यात जीव पडला होता का हो?"

"असं का विचारता, मावशी?"

"सुतक धरायचं की नाही, ते कळेना. आणि ही आपली एकच धरून बसलीय, की परवा पाण्याचा हंडा उचलला म्हणून असं झालं."

बाईंनी एका दमात दोन गोष्टी विचारल्या होत्या. हंड्याबद्दलचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. जिवाबद्दलचे मात्र 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येईना. ते का देता येत नाही, हेच आज मला आपल्याला सांगायचे आहे.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. आपल्याच जुन्या ग्रंथांत त्याची निरनिराळी उत्तरे सापडतात. शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला म्हणजे त्याला गर्भ म्हणावे, असे चरकसंहिता सांगते. तिच्या मते जीव पहिल्यापासूनच आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय स्पष्ट होते आणि चेतना प्रकट होते, असे म्हटले आहे. तेव्हापासून ती स्त्री दोन हृदयांची होते आणि तिला वासना होतात त्या दोन हृदयांच्या. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कल्पनेशी जोडलेला आहे. गर्भोपनिषद मात्र सातव्या महिन्यात गर्भाचा जिवाशी संयोग होतो असे सांगते. तिकडे ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटलने मुलाच्या गर्भासाठी चाळीस दिवस आणि मुलीच्या गर्भासाठी नव्वद दिवस असा हिशेब मांडला होता.

एवढे मोठमोठे विचारवंत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. यात त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हता. गर्भाशयाच्या आत डोकावून पाहण्याचे साधनच त्यांच्याजवळ नव्हते. जे दिसत होते ते कोंबडीच्या अंड्यात. खुडूक कोंबडीखाली ठेवलेले अंडे तिसऱ्या दिवशी फोडून पाहिले, तर पिवळ्या बलकावर लाल ठिपका धडधडताना दिसतो. अ‍ॅरिस्टॉटलने तो पाहिला होता.

पुढे सूक्ष्मदर्शक आला. १६७७ साली हॉलंडमधील लेवेनहूक याने शुक्रजंतू पाहिले. त्यांच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस असला पाहिजे, असे काहींना वाटू लागले. हार्टसूकर नावाच्या शास्त्रज्ञाने १६९४ साली तसे चित्रही छापले. मूल आधीच तयार असते, ते फक्त मोठे होते, अशी ही कल्पना. १७५९ साली वोल्फ याने अंड्यातील पिलाचा अभ्यास करून दाखवले की आरंभी अवयव नसतातच, ते टप्प्याटप्प्याने घडत जातात. १८२७ साली फॉन बेअर याला कुत्रीच्या शरीरात सस्तन प्राण्याचे बीज प्रथम सापडले. १८७६ साली हर्टविग याने समुद्रातील एका काटेरी प्राण्यात स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची केंद्रे एकत्र येताना पाहिली. वंशाचा धागा कोठे जुळतो ते अशा रीतीने माणसाला कळून आज जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत.

आता, 'जीव पडतो' या शब्दप्रयोगाकडेच थोडे पाहू या. त्यावरून असे वाटते, की आधी काही तरी निर्जीव असते आणि एका क्षणी त्यात जीव येऊन पडतो. पण तसे घडत नाही. स्त्रीबीज जिवंत असते, शुक्रजंतूही जिवंत असतो. एवढेच नव्हे, तर ज्या बीजापासून आपण झालो, त्याची पेशी आपली आई आपल्या आजीच्या पोटात असतानाच तयार झालेली होती! मुलीच्या अंडाशयातील सगळी बीजे ती जन्मण्यापूर्वीच घडतात. तेव्हा जीवनाचा धागा मध्ये कोठे तुटलेला नाही.

घरातल्या विरजणाचे उदाहरण घ्या. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात पडतो, आजच्यातला उद्याच्या. ही साखळी केव्हा सुरू झाली, हे कोणी विचारीत नाही. पण रात्री विरजण लावले आणि सकाळी घट्ट दही मिळाले, तर पहाटे तीन वाजता भांड्यात काय होते, दूध की दही? विचारणाऱ्याला हवा तसा नेमका क्षण तेथे नसतो. गर्भाचेही काहीसे असेच आहे. म्हणून 'जीवन केव्हा सुरू होते' यापेक्षा 'नवे माणूस केव्हा घडते' असे विचारणे बरे.

ते कसे घडते याचे दिवस आज पुष्कळ नेमकेपणाने ठाऊक आहेत. मात्र दिवस मोजण्याची दोन घड्याळे आहेत, हे आधी ध्यानात ठेवले पाहिजे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बाईला सांगता येतो. पण गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. पाळीपासून मोजले तर २८० दिवस, गर्भधारणेपासून मोजले तर २६६. दवाखान्यात 'सहा आठवडे झाले' असे सांगतात, तेव्हा गर्भाचे खरे वय चारच आठवडे असते. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख येते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. आपल्या घरांतले 'नऊ महिने नऊ दिवस' त्याच्या किती जवळचे आहे पाहा! आता पुढे मी गर्भधारणेपासूनचे दिवस सांगते.

स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, सुईच्या टोकाइतके. बीजवाहिनीच्या बाहेरच्या भागात त्यात शुक्रजंतू शिरतो. शिरला आणि झाले, असे नाही बरं का. आईची २३ आणि बापाची २३ गुणसूत्रे एकत्र मांडली जाईपर्यंत जवळजवळ एक दिवस जातो. मुलगा की मुलगी हेही येथेच, बापाच्या बीजावरून ठरते. त्यानंतर घेतलेले कोणतेही औषध किंवा केलेला कोणताही विधी ते बदलू शकत नाही, आणि बाईला त्याबद्दल बोल लावणे हा तर उलटाच न्याय होय.

दीड दिवसाच्या आत एका पेशीच्या दोन होतात, मग चार, आठ. पहिले दोन-तीन दिवस हा कारभार आईच्या बीजात साठवलेल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशी झाल्यावर गर्भाचे स्वतःचे अनुवंशिक द्रव्य कामाला लागते. पाचव्या दिवशी आत पोकळी असलेली एक चिमुकली गोळी तयार होते. तिच्या बाहेरच्या पेशींपासून पुढे वार तयार होते. मूल ज्यापासून व्हायचे त्या पेशी आत एका बाजूला, अगदी थोड्या. सहाव्या-सातव्या दिवशी ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. पुष्कळ बीजे येथवर पोचतच नाहीत. पाळी नेहमीसारखी येते आणि बाईला काही कळतही नाही.

हे पहिले दिवस आज माणसाला डोळ्यांनी पाहता येतात, कारण बीजांचा संयोग शरीराबाहेर घडवता येतो. इंग्लंडमध्ये १९७८ च्या जुलैत असे पहिले मूल जन्मले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी तशी मुलगी जन्माला आली. आता असे गर्भ गोठवून वर्षानुवर्षे ठेवताही येतात. वाढ थांबलेली, पण संपलेली नाही, अशी ही अवस्था कोणत्याही जुन्या ग्रंथकाराच्या कल्पनेत आली नसेल!

पंधराव्या दिवसाच्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट घडते. चपट्या गर्भावर एक बारीक रेघ उमटते. डोके कोणीकडे, पाय कोणीकडे, डावे कोणते, उजवे कोणते, हे या रेघेवरून ठरते. तोवर एका गर्भाचे दोन होऊन जुळी मुले होऊ शकतात. रेघ उमटल्यावर ती शक्यता जवळजवळ संपते. म्हणूनच १९८४ साली ब्रिटनमधील वॉरनॉक समितीने प्रयोगशाळेत मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये अशी शिफारस केली, आणि ती तेथील १९९० च्या कायद्यात आली. दोन व्यक्ती होण्याची शक्यता ज्यात अजून शिल्लक आहे त्याला 'एक व्यक्ती' कसे म्हणावे, असा प्रश्न त्यामागे होता.

रेघेनंतर पेशींचे तीन थर होतात. वरच्या थरापासून कातडी आणि मेंदू, मधल्यापासून हाडे, स्नायू, हृदय व रक्त, आतल्यापासून आतडी व फुप्फुसे यांचे अस्तर. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदयाची साधी नळी आकुंचन पावू लागते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून होतात ती नळी दोन्ही टोकांना बंद होते. ती बंद झाली नाही, तर पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहते.

येथे क्षणभर थांबा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे काय? म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झाले आहेत. बाईला अजून नुसती शंका आहे. ती डॉक्टरकडे जाईल तेव्हा हे काम पुरे झालेले असेल. हे व्यंग पुष्कळ अंशी टाळणारी फॉलिक अ‍ॅसिडची साधी, स्वस्त गोळी आहे. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. पण ती दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यावी लागते. तेव्हा मूल हवे असे ठरवाल, त्याच दिवशी डॉक्टरांना तिच्याविषयी विचारा. कोणतेही औषध मनाने घेऊ नये, हा इशाराही याच दिवसांसाठी आहे. १९५७ नंतर युरोपात थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे आणि मळमळीचे औषध गरोदर स्त्रियांनी घेतले. हातपाय घडण्याच्या त्या नेमक्या दोन-तीन आठवड्यांत ते ज्यांच्या पोटात गेले, त्यांची हजारो मुले आखूड किंवा अपुरे हातपाय घेऊन जन्मली. १९६१ मध्ये कारण उघडकीस आले.

सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ सांधला जातो, बाराव्यापर्यंत टाळू. हे दोन आकडे आयाबहिणींनी गाठीशी बांधून ठेवावेत. दुभंगलेल्या ओठाचे मूल झाले, की 'ग्रहणात भाजी चिरली होतीस ना?' असे बाळंतिणीला विचारणारे अजूनही भेटतात. ग्रहण लागलेले असते सातव्या महिन्यात! तोवर बाळाचा ओठ घडून चार महिने होऊन गेलेले असतात. विळीने काय बिघडणार?

छप्पन्न दिवस पुरे होतात तेव्हा गर्भ सुमारे तीन सेंटिमीटर लांब असतो. बोटे सुटी झालेली, बहुतेक अवयवांचा पाया घातला गेलेला. आपला गर्भलिंगनिदानविरोधी कायदाही छप्पन्न दिवसांपर्यंत एक शब्द वापरतो आणि सत्तावन्नाव्या दिवसापासून दुसरा. यानंतरचे काम मुख्यतः वाढीचे आणि पक्वतेचे.

आता पुढचे आठवडे नेहमीच्या दवाखान्यातल्या घड्याळाने, म्हणजे पाळीपासून सांगते. सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान आईला बाळाची हालचाल कळू लागते. गर्भ त्याआधीपासूनच हलत असतो, पण तिला जाणवत नाही. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास मेंदूच्या बाह्य थराशी संवेदनांचे मार्ग जोडले जाऊ लागतात. फुप्फुसांना श्वास घेण्याची थोडीफार क्षमताही याच सुमारास येते. उत्तम अतिदक्षता विभाग जवळ असेल तर या वयाचे काही अपुरे जीव वाचतात. पूर्वी ही मर्यादा अठ्ठावीस आठवडे समजत. म्हणजे ही रेषा गर्भाच्या वयाइतकीच गावातल्या यंत्रसामग्रीवरही अवलंबून असते. मोठ्या शहरात वाचणारे बाळ आडगावात वाचत नाही, म्हणून ते कमी माणूस आहे असे का म्हणावे?

श्रोतेहो, एवढे पाहिल्यावर आपल्या ध्यानात आले असेल, की या वाटेवर मैलाचे दगड पुष्कळ आहेत. बीजसंयोग, रुजणे, रेघ, ठोका, हालचाल, श्वासाची क्षमता, जन्म. शास्त्र प्रत्येक दगड दाखवू शकते आणि त्यावरचा आकडा वाचून देऊ शकते. पण 'येथून पुढे माणूस' अशी पाटी त्यातल्या कोणत्या दगडावर लावायची, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ते माणसे ठरवतात, आणि ज्या कामासाठी ठरवायचे त्याप्रमाणे रेषा वेगळी निघते.

कायद्याकडेच पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाप मेला तेव्हा पोटात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर त्याला भावंडांइतकाच वाटा मिळतो. येथे गर्भ हा वारस आहे, मात्र जिवंत जन्मण्याच्या अटीवर. गर्भपाताच्या गुन्ह्याला १८६० च्या दंडसंहितेने साधी शिक्षा एक आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर अधिक कडक अशी दुसरी सांगितली होती. २०२४ साली तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेतही हा भेद कायम आहे. १९६४ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरतात हे पाहून सुरक्षित वैद्यकीय गर्भपाताला ठरावीक अटींवर मुभा द्यावी अशी शिफारस केली. त्यातून १९७१ चा कायदा झाला आणि मर्यादा वीस आठवडे ठरली.

पण सोनोग्राफी आली आणि नवीच अडचण उभी राहिली. गर्भाचे व्यंग नीट दिसते अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, आणि दार बंद होते विसाव्याला. २००८ साली मुंबईचे एक जोडपे, गर्भाच्या हृदयात दोष आढळला म्हणून, मुदत उलटल्यावर उच्च न्यायालयात गेले. त्यांना परवानगी मिळाली नाही. त्यावर देशभर चर्चा झाली. २०२१ साली कायदा सुधारला गेला. काही विशिष्ट स्थितींतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली, आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले तर मर्यादेची अट राहिली नाही. वीस आणि चोवीस या आकड्यांत गर्भाचा स्वभाव बदललेला नाही. आपले ज्ञान आणि आपली जबाबदारीची जाण बदलली.

ज्यांची श्रद्धा आहे की पहिल्या क्षणापासून ते पूर्ण माणूसच, त्यांचे म्हणणे शास्त्र खोडून काढीत नाही. ज्यांना वाटते की मान हळूहळू वाढत जातो, त्यांचेही नाही. मात्र दोघांनीही 'शास्त्राने आमचेच खरे ठरवले' असे म्हणू नये, एवढे मी नम्रपणे सांगेन. आणि तारखा चुकीच्या सांगून कोणा बाईला घाबरवू नये.

आता त्या सासूबाईंकडे वळू. मी त्यांना म्हटले, "मावशी, शास्त्रीपंडितांनीसुद्धा हा प्रश्न एका रेघेने सोडवलेला नाही. चौथ्या महिन्यापर्यंत त्याला स्राव म्हणतात, पाचव्या-सहाव्यात पात, आणि पुढे प्रसूती. मनुस्मृतीत तर जितके महिने तितक्या रात्री आईचं सुतक सांगितलं आहे. म्हणजे त्यांनाही ते हळूहळू वाढत जाणारंच वाटलं. तुमच्या घरची रीत असेल तसं करा. पण हिला दोन-चार दिवस रडू द्या. काहीच नव्हतं म्हणू नका. हिच्या मनात ते होतं."

मग सुनेकडे वळून म्हटले, "आणि तू ऐक. शंभर जणींना दिवस गेले, तर त्यातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ असा पडतो. लवकर पडणाऱ्या अशा गर्भांपैकी निदान निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच पहिल्या दिवसापासून चुकलेली असते. पुष्कळदा वाढ आठवडाभर आधीच थांबलेली असते, रक्त नंतर दिसतं. तू हंडा उचललास परवा. हंड्याने निरोगी गर्भ पडत नाही."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "खरं सांगता, बाई?"

"खरं सांगते."

सासूबाई उठल्या. सुनेची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "चल, रिक्षा करू. आज बसनं नको."

श्रोतेहो, जीव केव्हा पडला, याचे एका शब्दातले उत्तर त्या दिवशी मी दिले नाही, आजही देत नाही. परंतु पोटातल्या त्या दिवसांचा खरा हिशेब ठाऊक असला, तर गोळी वेळेवर घेतली जाते, ग्रहणाची भीती सुटते आणि खाली घातलेली एखादी मान वर येते. तेवढे झाले तरी आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.